मशीनमधली राख

मी आयुष्यात एकाच बाईच्या थोबाडीत मारली आणि त्या बाईची काडीची चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकते. पुढे सांगता सांगता मी स्वतःची बाजू सावरायला लागेन, तेवढी मी मला ओळखून आहे.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. लग्न होऊन बेगडेवाडीला आले त्या वर्षीच मी पोळपाट उंबऱ्यावर आपटून त्याची दोन फळकुटं केली होती. त्यानंतर मिक्सरची दोन भांडी, टीव्हीचा एक रिमोट आणि न्हाणीघराची कडी, एवढं माझ्या हातून गेलं. आमचे हे, म्हणजे गावाचे भाऊ, पाहुण्यांना हसून सांगतात, "हिच्याशी भांडायचं तर आधी हातातलं काढून घ्या." पाहुणे हसतात. मीही हसायचे. वस्तूच तर होत्या, त्यांना काय लागतंय!

भांडी धुवायचं मशीन आलं ते माझ्या मनगटाच्या ऑपरेशनमुळे. डॉक्टर म्हणाले, घासणं-पिळणं बंद. आमच्याकडे खाणारी सात माणसं, आणि दर गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला आलेले पाहुणे जेवायला आमच्याकडे, कारण वाटेत सोयरे आम्हीच. गुरुवारी मोरीत भांड्यांचा डोंगर. ही भांडी चौदा वर्षं घासली ती मावशीनं. मावशी डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. सकाळी तास-दीड तास चालत उतरायची, परसात दगडावर बसायची, आणि बंबातली राख काथ्याला लावून पातेली अशी घासायची की आत तोंड दिसावं. मशीन आल्यावर मी तिला म्हटलं, "मावशी, तुला काढत नाही हं. मोठी पातेली आणि झाडलोट तुझ्याकडेच." तिनं मशीनकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं वैनी."

आता कपाचं सांगते, कारण सगळं तिथूनच पेटलं. मावशीचा कप वेगळा होता. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. मागच्या दाराबाहेर फळीवर पालथा असायचा, शेजारी तिची ताटली. ती कप पुढे धरायची आणि मी वरून चहा ओतायचे, चौदा वर्षं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तसं चालवलं होतं आणि मी पुढे चालवलं, झालं.

मशीन आल्यावर पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंचं आणि माझं कडाक्याचं वाजलं. सगळ्यांचं उष्टं एका पाण्यात फिरतं, असल्या मशीनमधल्या ताटात मी जेवणार नाही, म्हणाल्या. माझी तळपायाची आग मस्तकात. मी ताडकन उठले, बाहेरच्या फळीवरचा मावशीचा कप आणला आणि मशीनमध्ये नेमका आत्याबाईंच्या चांदीच्या पेल्याशेजारी उभा केला. "घ्या! आता ह्याच्याच पाण्यात फिरूद्या!" म्हणत मशीनचं दार लाथेनं बंद केलं. आता कुणी म्हणेल, केवढी सुधारक बाई. छे हो. मला सासूला डिवचायचं होतं, बस. आणि रोज डिवचायचं होतं, म्हणून तो कप रोज आत जायला लागला. आत्याबाई ओठ घट्ट मिटून बघायच्या.

पंधरा दिवसांत मशीन बिघडलं. ताटांवर करडा थर यायला लागला, मग तळाशी पाणी तुंबलं, दिवे नुसते लुकलुकायचे आणि मशीन घरघर करून गप्प. मी आधी बटणं दाबली, मग बुक्की मारली, मग लाटण्यानं दार बडवलं. त्याचा पोचा अजून आहे. शेवटी लोणावळ्याहून मेकॅनिक बोलावला. तिकडच्या बंगल्यांत ही मशिनं बरीच, आमच्या भागात माझं एकटंच. पन्नाशीचा शांत माणूस. मी त्याच्यावर, कंपनीवर आणि मशीन विकणाऱ्याच्या सात पिढ्यांवर तोंडसुख घेतलं, तो तोवर विजेची पिन काढून, खालचा ट्रे बाजूला ठेवून मगानं पाणी उपसत बसला. जाळी पीळ देऊन वर काढली तर खाली काळपट गाळ. त्यात बोट घालून त्यानं चाचपलं आणि एक कोळशाचा तुकडा काढून माझ्यासमोर धरला.

"वैनी, हे पाणी बाहेर फेकणाऱ्या पंख्यात अडकलं होतं. आणि हा गाळ राखेचा आहे. मशीनमध्ये राख घालता?"

"मी काय येडी आहे?"

"मग घरात कोणीतरी घालतंय. तुपा-तेलाबरोबर राखेचा चिखल होतो आणि पंखा धरतो. राखेला वॉरंटी नाही बघा."

त्यानं मला सगळं दाखवलं. आधी पिन काढायची, मग पाणी उपसायचं, जाळी धुवायची, पंखा बोटानं फिरवून बघायचा, पाणी उडवणाऱ्या फिरत्या दांड्यांची भोकं सुईनं मोकळी करायची. मी नीट शिकून घेतलं. पण डोक्यात एकच फिरत होतं. घरात राखेला हात लावणारं माणूस एकच. मावशी. काम जाईल म्हणून मशीनचा काटा काढतेय. मी तिला विचारलंसुद्धा नाही. मनात निकाल लावून मोकळी झाले.

आणि मग तो गुरुवार. पाहुणे पंधराएक. पुढच्या खोलीत पंगत बसली होती, हे स्वतः वाढत होते. मी सकाळची भांडी काढायला मशीन उघडलं, आणि आत पुन्हा वीतभर काळं पाणी. जाळी उपटून हात घातला तर मूठभर राखेचा चिखल वर आला.

माझं डोकंच फिरलं. मी परसात गेले. मावशी भाताचं पातेलं घासत होती, दोन्ही हात मनगटापर्यंत राखेनं भरलेले. मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. तिची काचेची बांगडी माझ्या मुठीत फुटली, काच तिच्या हातात घुसली, मी तरी ओढतच राहिले. परसातून स्वयंपाकघरात, फरशीवरून घसरत, थेट मशीनपुढे. मानेला धरून तिला वाकवलं.

"बघ! बघ काय घातलंस! हे हात बघा हो सगळ्यांनी, हा पुरावा!"

"म्या न्हाई, वैनी. म्या त्याला शिवत बी न्हाई."

"खोटं बोलतेस वर? माझ्या घरचं खाऊन?"

आणि मारली. चांगली सणसणीत मारली. दुखरं मनगट होतं माझं, तरी मारली. माझ्या हाताला चिखल होता, तिच्या गालावर पाच बोटं करडी उमटली. तिच्या मनगटातून रक्त फरशीवर टपटपत होतं. तिचा तोल गेला, ती मशीनच्या खाली उघडलेल्या दारावर पडली, आणि दार वाकलं तेव्हा मी काय ओरडले माहीत आहे? "मोडशील की ते!"

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. पंगत सगळी बघत होती. ह्यांच्या हातातली आमटीची पळी क्षणभर थांबली, मग पुढच्या वाटीत उतरली. कुणीतरी म्हणालं, "ह्या लोकांना डोक्यावर बसवलं की असंच होतं." आत्याबाई उंबऱ्याशी वाल सोलत बसल्या होत्या. सगळं बघितलं आणि वाल सोलत राहिल्या.

मावशी उठली. पदर मनगटाला गुंडाळला. मागच्या दारानं गेली. पातेलं अर्धं घासलेलं तसंच दगडावर राहिलं.

मी मशीन साफ केलं, शिकवल्याप्रमाणे सगळं, आणि ते जे चालू झालं ते आठ दिवस कुरकुर नाही. मी घरभर सांगत सुटले, "बघा! ती गेली आणि मशीन सुधारलं. ओळखलं होतं की नाही मी?" शेजारणीला सांगितलं, नणंदेला फोन करून सांगितलं. आमच्या आळीत मावशीचं नाव चोर-लबाड म्हणून झालं ते माझ्याच तोंडानं. ती आणखी दोन घरची कामं करायची, त्या घरांनीही तिला येऊ नको म्हणून सांगितलं. हे मला कळलं तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, खरंच सांगते.

नवव्या दिवशी मागचं अंगण झाडताना फळीवरचा तो कप दिसला. त्या गुरुवारचा चहा तळाशी वाळून चिकटला होता. घासायला हात दुखतो, म्हणून आत आणला आणि मशीनमध्ये टाकला. दुसरं काही मनात नव्हतं. भांडी निघाली ती लख्ख.

दुपारी सगळे लवंडले होते. मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात आत्याबाई. मशीनचं दार उघडं, उजव्या हाताची मूठ भरलेली, आणि त्या वाकून तळाशी राख भुरभुरत होत्या. काहीतरी पुटपुटत, देवघरात पुटपुटतात तसं. शेजारी बंबाच्या राखेचा डबा.

त्यांनी मान वळवून मला बघितलं. त्याच बोलल्या, अगदी शांत.

"आज परत घातलास ना तिचा कप? मग? त्याच्यात माझा पेला जातो. राखेनं शुद्ध होतं."

तो कप आत गेला की राख. कप नाही तर राख नाही. आठ दिवस मशीन का चाललं ते मला तेव्हा कळलं.

"मी तिला मारलं," मी म्हटलं, "तुम्ही तिथं बसला होतात. तिचं रक्त आलं. का नाही बोललात?"

"पंधरा पाहुण्यांत माझी शोभा करून घेऊ? एका मोलकरणीपायी?"

राखेचा डबा मी उचलला आणि भिंतीवर फेकला. सगळं स्वयंपाकघर करडं झालं. मग मांडणीवरची ताटं, वाट्या, हाताला येईल ते. चांदीचा पेला फरशीवर आपटला, तो चेपला. आत्याबाई ओरडायला लागल्या आणि माझा हात वर गेला. गेला होता, लपवत नाही. त्यांच्या गालापासून वीतभरावर जाऊन तो थांबला. मावशीच्या वेळी नव्हता थांबला.

तेवढ्यात हे आले. राख, ताटं, रडणारी आई आणि माझा वर गेलेला हात, एवढंच त्यांना दिसलं. "आईवर हात उगारतेस?" म्हणाले आणि माझ्या कानाखाली अशी बसली की मी मशीनला जाऊन धडकले. मी मग ओरडून ओरडून सगळं सांगितलं. ऐकल्यावर ते म्हणाले, "अगं, म्हातारं माणूस आहे. जाऊदे आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाकरवाडीला गेले. पायथ्यापर्यंत गाडी, पुढे पायवाट. ही वाट ती चौदा वर्षं रोज दोनदा करत होती आणि मी एकदाच चढताना तीनदा बसले. मावशी घरापुढे कोयत्यानं जळणाची फाटी फोडत होती. मनगटावर जखमेची लांब खपली. मला बघितलं, पण हात थांबवला नाही.

मी उभ्या उभ्या सगळं बोलले. राख आत्याबाईंनी घातली, तुझा काही दोष नव्हता, मी पापी, मी आंधळी, मला माफ कर, मी आळीत घरोघर जाऊन खरं सांगेन, तू कामावर ये, कप आतल्या फळीवर ठेवू. रडत होते मी. कोयता खालीवर होत होता.

ती थांबली ती माझ्या तोंडाकडे बघून.

"गाल कुनी सुजवला, वैनी?"

"ह्यांनी."

"का म्हून?"

"आत्याबाईंवर हात उगारला मी."

"लागला का म्हातारीला?"

"नाही. उगारला फक्त."

तिनं पुढचं लाकूड ओढलं, उभं धरलं, त्यावर कोयता टेकवला.

"म्हातारीवर निस्ता उगारला तर भाऊंनी तुमचं थोबाड फोडलं," ती म्हणाली. "मला लागला तवा भाऊ आमटी वाढत व्हते."