उजव्या इंजिनाचा काटा

माझी बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. मुलगा पुण्यात असतो. मी शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत एकटा राहतो, आणि अलीकडे माझ्या दाराची कडी कोणी वाजवल्याचं मला आठवत नाही. चाळीस वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त केली म्हणून सगळे मला मिस्त्री म्हणतात. पण मिस्त्रीची आठवण इंजिन बंद पडल्यावर. मिस्त्रीला ताप आला तर विचारायला कोण येतंय? याचा मला राग होता आणि तो मी लपवतही नव्हतो. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात धरणावरून कामाचा फोन आला, तेव्हा मी जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. उलट नवा शर्ट घातला.

धरणाच्या पाण्यावर पर्यटकांना फिरवणारी दोन इंजिनांची एक बोट आहे. ती चालवणारा गडी मुरगूडचा, पस्तिशीचा, बायकापोरांचा. त्याच्याकडे मी याआधीही दोनदा कामाला गेलो होतो.

"मिस्त्री, दोन्ही काटं सारखंच दावत्यात," तो म्हणाला, "पर बोट उजवीकडं वढतीया. काय भानगड हाय बघा की."

बोटीत प्रत्येक इंजिनाला फेरे दाखवणारं एक मीटर असतं. शिवाय सिंक्रोनायझर नावाची एक डबी असते. डावं इंजिन जेवढे फेरे घेईल तेवढेच उजव्यानं घ्यावेत, हे ती बघते. पण तिला स्वतःची अक्कल नसते. तारेतून जो आकडा येईल तो ती खरा मानते. म्हणून मी आधी ती डबी बंद केली आणि मग दोन्ही मीटरं एकमेकांच्या जागी लावून पाहिली. मीटर बिघडलं असतं तर खोट डावीकडे गेली असती. ती उजवीकडेच राहिली, म्हणजे मीटरं चांगली होती आणि उजव्या मीटरला आकडा पुरवणारा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र, गडबड करत होता.

वाकून बघतो तर तिथे उसाच्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बसवलेला! आमच्या जिल्ह्यात कुठल्याही यंत्राला शेवटी ट्रॅक्टरचाच पार्ट लागू पडतो. त्याची पुली, म्हणजे पट्ट्याचं चाक, मूळ पुलीपेक्षा लहान, त्यामुळे तो जोरात फिरणार आणि मीटर फुगवून आकडा सांगणार. डबीला वाटायचं, उजवं इंजिन फार पळतंय, आणि ती त्याला मागे खेचायची.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच की," तो म्हणाला. "बसलं न्हवं बरोबर!"

बरं, जुनी पुली त्यानं पोत्यात जपून ठेवली होती. ती चढवली आणि पट्टा ताणला. आता राहिलं माझं खास काम. आमच्याकडचे जुने मिस्त्री इंजिनं मीटरनं जुळवत नाहीत, कानानं जुळवतात. दोन इंजिनांच्या फेऱ्यांत थोडाच फरक असेल तर आवाज घूं-घूं असा चढतो, उतरतो. तो थांबला की जुळलं. या कानावर मी संसार केला. माझ्या पिशवीत हातात धरायचं मीटरही होतं, पण गिऱ्हाइकासमोर ते काढणं मला कमीपणाचं वाटायचं.

बोट धक्क्याला बांधलेलीच होती. दोन्ही इंजिनं चालू केली, डोळे मिटले, हळूहळू उजवं वाढवत नेलं आणि हात वर केला. "झाली दोन्ही एक."

डोळे उघडले तर काट्यावर डावं सोळाशे, उजवं पंधराशे चाळीस.

"अजून मीटर खोटं बोलतंय," मी म्हणालो आणि पुन्हा कामाला लागलो. तारा सोडल्या, टोकं घासली, पट्टा परत ताणला. दोन तास. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार होता, पण मला काय ठाऊक! तो बिचारा पाना देत होता, घेत होता. शेवटी माझ्या कानाशी येऊन चाचरत म्हणाला, "मिस्त्री, घूं-घूं अजून येतंय की."

मी भडकलो. "तुझ्या वयाएवढी वर्षं मी इंजिनं ऐकतोय. मला शिकवतोस?"

त्यानं माझा हात धरला आणि इंजिनावरच्या झाकणावर तळवा टेकवला. झाकण थरथरत होतं. थरथर वाढत होती, कमी होत होती, पुन्हा वाढत होती. तळव्याला ती स्वच्छ कळत होती आणि कानाला काहीच नव्हतं.

मी पिशवीतलं मीटर काढलं. उजवं पंधराशे चाळीसच निघालं. बोटीचा काटा खरा होता.

मग मी उजवं इंजिन वाढवत गेलो, आणि घूं-घूं थांबल्यावर त्यानं हात वर केला. दोन्ही काटे सोळाशेवर आले. डबी चालू केली, बोट पाण्यात फिरवून आणली. सरळ गेली. तो खूश झाला. मी कोपऱ्यात बसून राहिलो. मला रडू येत होतं आणि ते त्याला दिसू नये एवढंच बघत होतो. कान गेला म्हणजे आता मला बोलावणार कोण? आणि एवढा कान गेला तरी मला पत्ता कसा नव्हता? पण घरात बोलायलाच कोणी नसेल, तर ऐकू येत नाही हे कळणार कसं? बायको असती तर पहिल्याच आठवड्यात चारचौघांत माझा उद्धार झाला असता.

धक्क्यावर चहा पिताना तो माझ्या जवळ सरकून बसला आणि मोठ्यानं बोलू लागला. सगळं ठाऊक असल्यासारखं.

"राग मानू नगासा. चैतात जोतिबासनं येताना आमी दोघं नवराबायकू तुमच्या घरला आलतो. लई येळ कडी वाजीवली, हाका मारल्या. आत टीव्ही चालू होता. शेजारचं म्हणालं, त्ये कुणालाच दार उघडत न्हाईत, आमीबी आता जात न्हाय. मग परसादाची पुडी कडीला अडकवली आन् आलो."

ती पुडी मला मिळाली होती. दोन तुकडे खोबरं आणि चिमूटभर गुलाल. न भेटताच जातात, दार वाजवायचीसुद्धा कुणाला गरज वाटत नाही, म्हणून मी दोन दिवस चिडून जेवलो नव्हतो.