काळी चारचा गंज

नागपूरच्या इतवारीत ताराचंदच्या भांड्यांच्या दुकानात वरच्या फळीवर एक पितळी गंज आहे. बावीस वर्षं झाली, तो विकायला नाही. एखादी बाई बोट दाखवून "तो द्या ना भाऊ" म्हणाली, की ताराचंद हात जोडतो, "तो नाही जी, तो मास्तरचा आहे."

मास्तर म्हणजे प्रेमानंद. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की तो स्टुलावर चहा घेत बसायचा, आणि ताराचंद पाठमोरा होऊन त्या गंजावर पळी मारायचा. टण्ण्ण्.

"बोल गा मास्तर."

"काळी चार."

पेटीची चौथी काळी पट्टी. बशीतून चहा ओढता ओढता, मान न वळवता. मग बाकीची दुनियाही यायची. समोरच्या घरातल्या कुकरची शिट्टी पांढरी सात. हातगाडीवाल्याचं 'बाजू व्हाऽऽ' पांढरी तीनपासून उचलून काळी चारवर आपटलेलं. उमरेडच्या एसटीचा हॉर्न म्हणजे दोन सूर एकदम, तेही एकमेकांशी भांडलेले. बायका भाव करायचं विसरून पुढे सरकायच्या, "माझं डबडं सांगा ना भाऊ!" आणि प्रेमानंद त्यांचं डबडं सांगायचा.

हा कान बापाकडून आला. नत्थू गाण्याच्या पार्टीत पेटी वाजवायचा, आणि जयंतीच्या दिवसांत सहा वर्षांचा प्रेमानंद त्याच्या मांडीला मांडी लावून भाता मारायचा. पुढे मिशनच्या शाळेत पियानो भेटला, आणि तिथल्या संगीताच्या सरांकडे जॅझच्या तबकड्या. चुकल्यासारख्या वाटणाऱ्या सुरावर मुद्दाम थांबायचं, आणि मग पुढचा सूर असा लावायचा की आधीचा बरोबर ठरावा, हे पोराला फार आवडलं. घरी पेटीवर करून दाखवलं तर नत्थू म्हणाला, "हे काय वाजवून राहिला बे? पेटी जिन्यावरून पडली का?"

पेटी जिन्यावरून पडल्यासारखं वाजवतच प्रेमानंदनं संसार केला. लग्नाच्या रिसेप्शनात, हॉटेलांच्या लॉबीत, सिमेंटच्या टाकीच्या जाहिरातीत. तो कीबोर्डवर, सोबत दोघं. ताराचंद बेस गिटारवर, आणि ड्रमवर जरीपटक्याचा विक्की, ज्याच्या घरी एका खोलीला गाद्या ठोकून स्टुडिओ केलेला. तिघांचं नाव 'नवतपा', कारण पहिला कार्यक्रम मे अखेरच्या त्याच होरपळणाऱ्या नऊ दिवसांत झाला आणि लॉबीतला एसी बंद पडला. तेव्हापासून दर शनिवारी तेच. प्रेमानंद डोळे मिटून वाजवतोय, त्याच्या चेहऱ्यावर कोणीतरी फार चविष्ट काहीतरी भरवल्याचा भाव, आणि सोफ्यावरून आवाज येतो, "भैया, जरा धीरे बजाओ, फोन चालू है."

तो चिडायचा नाही. चिडायचा फक्त बटनवाल्यांवर. कीबोर्डला एक बटन असतं. गायकाची पट्टी कोणतीही असो, ते दाबलं की बोटं आपल्या सोयीच्या पट्ट्यांवर ठेवायची आणि आवाज हव्या त्या पट्टीतून निघतो. प्रेमानंद त्यांची नक्कल करायचा. छाती फुगवायची, मान तिरपी, "ताई, कोणती पट्टी आपली?" आणि मग टेबलाखाली गुपचूप अंगठा. टिक. ताराचंद हसून हसून गल्ल्यावर पडायचा.

स्वतःच्या चालींचा अल्बम मात्र त्यानं केला नव्हता. विक्की मागे लागायचा, पण प्रेमानंदचं एकच, "खऱ्या पियानोवर करीन. प्लास्टिकवर नाही."

दोन वर्षांपूर्वी, चोपन्नाव्या वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांनी, ताराचंदनं नेहमीसारखी पळी मारली. टण्ण्ण्.

"पांढरी सहा."

ताराचंद वळला. "काय?"

"पांढरी सहा. दुसरा गंज आहे न हा?"

गंज तोच होता. विक्कीनं सूर ओळखणारं मोबाईलवरचं ॲप लावलं. मोबाईल म्हणाला काळी चार. "चायनाचा आहे तुझा मोबाईल," प्रेमानंद म्हणाला, आणि तिघंही हसले. घरी येऊन त्यानं बायकोला कुकर लावायला सांगितलं. कांता म्हणाली, "आत्ताच जेवले न जी तुम्ही?" तरी लावला. शिट्टी अर्धा सूर चढलेली. देवळाची घंटा चढलेली. मोबाईलची रिंग चढलेली. सगळं शहर कोणीतरी खालून जॅक लावून अर्धा सूर उचलून ठेवलं होतं.

डॉक्टरनं कानावर हेडफोन चढवून तपासलं आणि कागद पुढे सरकवला. "कान एक नंबर आहे."

"पण सूर चुकीचा ऐकू येते, साहेब."

"ऐकू येतं ना?"

"हाव."

"मग? वयानं होतं काही जणांना असं. त्याला औषध नाही. बाकी लोकांना तर कळतही नाही!" डॉक्टर अशा सुरात बोलला की जणू बक्षीसच लागलं आहे. पांढरी पाच, प्रेमानंदनं मनात नोंदलं, आणि मग आठवलं की ती पांढरी पाच नसणार.

शनिवारी लॉबीत ताराचंदचा बेस पांढऱ्या चारवर सुरू झाला. प्रेमानंदला ती काळी तीन ऐकू आली, आणि डोळे मिटलेले असल्यामुळे हात काळ्या तीनवर जाऊन पडला. तिघांचं भांडण लागल्यासारखा आवाज झाला. सोफ्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, जॅझ आहे.

पुढच्या शनिवारी तो अर्धा तास आधी पोचला. आजूबाजूला पाहिलं. अंगठा टेकवला. टिक. कीबोर्ड अर्धा सूर उतरला, कानाला दुनिया पुन्हा जागेवर आली, आणि नत्थूचा पोरगा बटनवाला झाला. घरी सांगितलं नाही, दारी सांगितलं नाही. बटनवाल्यांची नक्कल तेवढी बंद पडली. "काहून गा, कंटाळला का त्यांना?" ताराचंदनं एकदा विचारलं. "जुनं झालं," तो म्हणाला.

असं दीड वर्ष गेलं आणि विक्कीला पियानो सापडला. एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या राशीमागे, अठरा वर्षं कोणी न उघडलेला. मुख्याध्यापिका रविवारी वाजवू द्यायला तयार होत्या. "प्रेमसर, आता बहाणा नाही!" विक्की फोनवर ओरडला.

प्रेमानंद संध्याकाळी एकटाच पाहायला गेला. झाकण उघडलं, धुळीवर फुंकर मारली, भीत भीत काळी चार दाबली.

काळी चार ऐकू आली.

त्यानं पुन्हा दाबली. मग शेजारची. मग दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. शिपाई किल्ल्या वाजवेपर्यंत तो उठला नाही. कान परत आला होता! घरी धावतच आला. "कुकर लाव वं!" कांतानं कपाळाला हात लावला. शिट्टी झाली. अर्धा सूर चढलेली.

तेव्हा त्याला उमजलं. कान परत आला नव्हता. अठरा वर्षांच्या उन्हाळ्यांनी पियानोच अर्धा सूर उतरला होता. तो वर, पियानो खाली, मध्ये गाठ पडली होती. साऱ्या नागपुरात त्याच्या कानाचा एक पियानो उरला होता, तोही खराब झाला म्हणून.

रात्रभर त्यानं हिशेब जुळवला. ताराचंद बेसच्या तारा अर्धा सूर ढिल्या करेल. एका चालीत गंज वाजतो, त्यात थोडं पाणी ओतलं की त्याचाही सूर उतरतो. म्हणायचं, जुन्या पियानोचा असाच आवाज पाहिजे. कोणाला काही कळायचं कारण नाही.

पण विक्की आणि ताराचंदनं आधीच कोलकात्याहून ट्यूनर बोलावला होता. हावडा गाडीनं आलेले म्हातारे दादा, पाठीवर पान्ह्यांची पिशवी. पियानोच्या पोटात बॅटरी मारून ते स्वतःशीच बोलले, "बाबा रे बाबा! कोतना दिन से सोया है!" मग कानाशी सुराचा काटा धरून पट्ट्या वाजवल्या आणि वळले.

"देखिए, आधा सुर नीचे गया है। ऊपर खींचने से हो जाएगा, लेकिन तार बूढ़ा है, दो-चार टूट सकता है। नहीं तो जहाँ है, वहीं बराबर मिला दूँगा। भालो बाजेगा। बजाएगा कौन?"

"हे," विक्कीनं प्रेमानंदकडे हात केला.

"तो आप बोलिए दादा। चढ़ाऊँ? या रहने दूँ?"

एवढंच म्हणायचं होतं. राहू द्या. तोंड उघडलंही होतं.

"यांना काय विचारता दादा," विक्की हसला. "आमचे सर म्हणजे चालता-फिरता ट्यूनर आहेत. इकडे कोणी बटनवाले नाहीत! हो ना सर?"

ताराचंद खाली वाकून बेसचा पट्टा नीट करत होता. पट्टा नीटच होता.

"चढवा," प्रेमानंद म्हणाला.

दोन दिवस दादा तारा ताणत होते आणि प्रेमानंद खुर्ची टाकून बसला होता. एकेक पट्टी त्याच्या कानातून निघून जात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तार तुटली, थाप मारल्यासारखी. दादा म्हणाले, "टूट गया!" त्याला वाटलं, आता तरी थांबतील. दादांनी पिशवीतून नवी तार काढली.

रविवारी विक्कीनं माईक लावले. पहिल्या चार चाली प्रेमानंदनं डोळे उघडे ठेवून वाजवल्या. कान बंद करता येत नाही, म्हणून नजर पट्ट्यांवर खिळवली, पाचवी अमुक, सातवी तमुक, पाढे म्हटल्यासारखं. कपाळावरून घाम पट्ट्यांवर पडत होता. "एकदम क्लीन, सर!" विक्की प्रत्येक वेळी म्हणाला. लॉबीतल्या सोफ्यावरचेही एवढं वाईट बोलले नव्हते.

राहिली शेवटची चाल, त्याची लाडकी. ताराचंदनं गंज फळीवरून उतरवून आणला होता. गंज वाजतो, आणि तो विरायच्या आत पियानो त्याच सुरावर उत्तर देतो. नावच 'काळी चार'.

टण्ण्ण्. हात पांढऱ्या सहावर पडला.

"होते होते," विक्की म्हणाला. "पुन्हा."

टण्ण्ण्. पुन्हा पांढरी सहा.

तिसऱ्यांदा त्यानं बोट धरून नेल्यासारखा हात काळ्या चारवर नेला. चार मात्रा गेल्या, आठ गेल्या. स्वतःचीच चाल कोणा परक्याच्या घरातून ऐकू येत होती. त्यानं हात मांडीवर घेतले.

ताराचंदनं बाटलीतलं पाणी गंजात ओतलं. मापून, जसं कोणी औषध ओततं. पळी मारली. टुण्ण्.

"काळी चार!" प्रेमानंदचा चेहरा उजळला, त्यानं पट्टी दाबली, आणि चेहरा विझला. गंज उतरला होता, पियानो जागेवर होता. ताराचंद पाण्याकडे पाहत राहिला. "आणखी ओतू का गा?"

"समुद्र ओतला तरी नाही होणार," प्रेमानंद म्हणाला. मग हळूच, "ताराचंद, मी बटनवाला आहे."

"कोणतं बटन?" विक्कीनं हेडफोन काढला.

"मले माहीत आहे," ताराचंद म्हणाला. "बावीस वर्षं तुझ्या डाव्या हाताकडे पाहून वाजवून राहिलो मी. दीड वर्षापासून तो हात एक घर सोडून बसते."

"मग ट्यूनर होता तेव्हा काहून नाही बोलला?"

"त्यानं तुले विचारलं होतं गा. मले नाही."

वर पंखा घरघरत होता. तो कोणत्या पट्टीत होता, हे प्रेमानंदनं कोणाला सांगितलं नाही.

"सर," विक्की जमिनीकडे पाहत म्हणाला. "कालचा कीबोर्ड गाडीतच आहे. आणू का?"

पियानो समोर उभा होता, पुसलेला, जुन्या तारांमध्ये एक नवी तार चमकत असलेला. दोघंही प्रेमानंदकडे पाहत होते.

"आण," तो म्हणाला.

कीबोर्ड पियानोच्या झाकणावर ठेवला. ताराचंदनं गंजातलं पाणी खिडकीतून ओतलं आणि शर्टानं गंज आतून पुसला. प्रेमानंदनं सगळ्यांसमोर अंगठा टेकवला. टिक.

"ही टिक रेकॉर्ड झाली, सर. काढून टाकतो."

"राहू दे."

"उद्या आणखी अर्धा सूर चढला तर?" ताराचंदनं विचारलं.

"तर दोनदा टिक."

कोणी फारसं हसलं नाही. ताराचंद पाठमोरा झाला. टण्ण्ण्.

"बोल गा मास्तर."

"पांढरी सहा," प्रेमानंद म्हणाला आणि डोळे मिटले.

"बरोबर," ताराचंद म्हणाला, आणि बेस उचलला.