गेटवर हलवलेली मान

२०२३ साल. माझं वय बहात्तर. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. पोराला नाही, सुनेला नाही, सांगलीच्या भावाला फोनवरसुद्धा नाही. बोलायला तोंड उघडलं की आधी संतापच येतो. विमानवाल्यांचा येतो, त्या इंग्रजीचा येतो, आणि तुला खरं सांगू? सगळ्यात जास्त सुनेचा येतो. तिनं माझ्यावर विश्वास का ठेवला?

मी चौथी शिकलो. ट्रकचं गॅरेज चालवलं, स्वतःच्या हिमतीवर. बायको गेली तेव्हा पोरानं, अजितनं, जपानला आणलं. टोकियोला लागून ग्योतोकु आहे, तिथे राहतो आम्ही. सून मृणाल शास्त्रज्ञ. त्सुकुबाच्या एका संस्थेत कामाला, पण करारावर. दर वर्षी करार संपायला आला की तिची झोप उडते.

मला जपानी येत नाही. इंग्रजीही येत नाही. पण घरात सांगून ठेवलेलं — इंग्रजी मला सगळं कळतं, बोलायचा सराव नाही एवढंच. कोपऱ्यावर कोंबिनी आहे, चोवीस तास उघडं असणारं दुकान. काउंटरवरची पोरगी काहीबाही विचारते. मी मान हलवतो, "हाय, हाय" म्हणतो. इकडे हाय म्हणजे हो. मग कधी केळ्याचा केक गरम होऊन येतो, कधी आइस्क्रीमबरोबर जेवायच्या काड्या येतात. नात हसते. हसू दे. हो म्हटलं की माणूस पुढे सरकतो आणि आपलं अडाणीपण कुणाला दिसत नाही. याच युक्तीवर मी इथे दिवस काढले.

तर त्या साली आम्ही चौघं युरोपात गेलो होतो. लेक तिकडे असते, तिच्या बाळाचं बारसं होतं. परतीचं विमान लांबलं. मग आणखी लांबलं. शेवटी कळलं, मोठं विमान बिघडलंय, छोटं आणलंय, आणि जागा कमी पडतायत. मृणालची परवा सकाळी त्सुकुबाला मुलाखत होती. कायमच्या नोकरीची! ती उभ्यानं येरझाऱ्या घालत होती.

"बाबा, तुम्ही हलू नका हं इथून," म्हणाली आणि नातीला बाथरूमला घेऊन गेली. अजित पाणी आणायला गेला. चौघांचे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास माझ्या कोटाच्या आतल्या खिशात. तो माझाच हट्ट. घरात मोठा माणूस असताना असले कागद पोराटोरांच्या हाती कशाला?

तेवढ्यात गेटवरची मुलगी आली. गळ्यात निळा रुमाल. माझ्यासाठी वाकली, हळू बोलली. मग तेच परत बोलली — हे मला पक्कं आठवतं, परत बोलली. "टुमॉरो" कळलं. "हॉटेल" कळलं. बाकी काही नाही. मी मान हलवली. "यस, यस." तिनं हात पुढे केला, मी चारही पास काढून दिले. तिनं जेवणाची, हॉटेलची कुपनं दिली. मला वाटलं, उशीर झाला म्हणून म्हाताऱ्याला चहापाणी. वर "थँक्यू" म्हणालो!

"वेट, माय सन." एवढं इंग्रजी मला येत होतं रे. का नाही म्हणालो? शेजारी माणसं बसली होती. त्यांच्यासमोर, मला कळत नाही, असं म्हणायचं? मी?

पोरं परतून काउंटरवर विचारेपर्यंत विमानाचं दार बंद झालं, आमच्या जागांवर दुसरी माणसं बसलेली. ती मुलगी कुठे दिसेना. काउंटरवर दुसराच एक जण, नुसता "फुल, फुल" करत होता. अजित मागे वळला, "बाबा, पास दिलेत कशाला?"

"दिले कुठे? काढून घेतले. म्हणाली, उद्या जा. विचारतंय कोण!"

तोंडातून निघालं. आणि मृणाल तिथेच फरशीवर बसली.

मुलाखत हुकली. संस्था थांबली नाही, जागा दुसऱ्याला गेली. मृणाल रडली नाही, कामाला लागली. युरोपात कायदा आहे म्हणे. प्रवाशाला त्याच्या मनाविरुद्ध मागे ठेवलं, तर कंपनीनं भरपाई द्यायची. तुम्ही राजीखुशीनं जागा सोडली असेल, तर मात्र नाही. "पैसे जाऊ देत हो बाबा. चूक त्यांची, एवढं त्यांनी मान्य करायला हवं," म्हणायची.

एका संध्याकाळी जेवताना कंपनीचं उत्तर आलं. तिनं मराठी करून सांगितलं. तुमच्यातल्या ज्येष्ठ गृहस्थांना विचारलं होतं, त्यांनी होकार दिला, असं आमची कर्मचारी सांगते.

"धडधडीत खोटं!" अजित म्हणाला.

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तिनं विचारलं होतं का? नीट आठवा. गडबडीत हो म्हणाला असाल, तरी काही हरकत नाही. माझंही होतं तसं."

कळतंय का तुला? याहून सोपं करून कुणी विचारेल का? मी ताट ढकललं. आमटी सांडली.

"म्हणजे मला इंग्रजी कळत नाही, असंच ना? ती कालची पोर खोटं बोलते आणि तू उलटतपासणी माझी घेतेस?"

"चुकलं बाबा," ती म्हणाली. चुकलं — ती म्हणाली! फडकं आणून आमटी पुसली. मग म्हणाली, "तिकडच्या सरकारी खात्यात तक्रार करू. तुम्ही बोला, मी मोबाइलवर घेते. तिच्या शब्दापेक्षा माझ्यासाठी तुमचा शब्द मोठा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली. तोच कोट घातला. मृणालनं मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. मी सांगितलं — मला कुणी काही विचारलं नाही, त्या मुलीनं पास हिसकावले, उद्धट होती. मधेच खाली कचऱ्याची गाडी आली, तिचं गाणं वाजायला लागलं.

"आवाज मिसळला बाबा. परत सांगाल?"

गाडी जाईपर्यंत थांबलो. कॉलर नीट केली. मग पहिल्यापासून परत सांगितलं, आणि या खेपेला त्या मुलीचा निळा रुमालही सांगितला, म्हणजे ती कोण ते त्यांना कळावं.