बटन गुलाबाचे खालचे फुटवे

अण्णा चुकले होते आणि ते मी चारचौघांत सांगितलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

आमचं फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही. भांडणही नव्हतं. दोघंही हट्टी, त्यामुळे एकमेकांच्या वाटेला जायचो नाही, एवढंच.

अण्णांनी जन्मभर बोर्डीच्या वाड्यांमध्ये चिकूची कलमं बांधली. रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, रोपावर चिकूची फांदी बांधायची. सांधा जुळला की वरचं झाड चिकूचं.

पण सांध्याच्या खालून फुटवा आला तर तो रायणीचा. तो वाढला की चिकू उपाशी मरतो. म्हणून दिसला रे दिसला की काढायचा. पन्नास वर्षं हाताला तीच सवय.

गुडघे गेले तेव्हा नवऱ्याने त्यांना डहाणूला आमच्या फ्लॅटवर आणलं. दुसरा मजला, तीन फुटांची गॅलरी.

रोज सकाळी चहा झाला की एकच वाक्य.

"मी बोर्डीला जातो."

"अण्णा, बसमध्ये चढणार कसे?"

"चढवेल कोणीतरी. माझी मानसं हायेत तिथं."

मी झरीच्या शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी माझा एक पाय घरात, एक रस्त्यावर. त्या वाक्याचा मला भयंकर वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा विवळवेढ्याला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. येताना हायवेवरच्या नर्सरीतून मी बटन गुलाब आणला. मिनिएचर रोझ. वीतभर झाड, सहा इंची कुंडी. हेतू अजिबात थोर नव्हता. म्हातारा गुंतून राहील, बस.

"हे काय रमकडं आणलंस, वैशाली?"

रमकडं म्हणजे खेळणं. आमच्या भागात गुजराती शब्द घरचेच.

दुसऱ्या दिवशी बघते तर खेळण्याची जागा बदललेली. सकाळचं ऊन येतं त्या कोपऱ्यात. पाणी कुंडीच्या तळातून टिपकलं की थांबायचं, सुकलेलं फूल लगेच छाटायचं, कुंडी दर दोन दिवसांनी थोडी फिरवायची. सगळं शिस्तीत.

बोंबील धुतलेलं पाणीही घालायचे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर वासाबद्दल मेसेज टाकला, कोणाचं नाव न घेता. मी अण्णांना वाचून दाखवला.

"त्यांना सांग, वास आला तर फुलंपन बघायला या."

काकू खरंच आल्या. तेव्हा झाडावर एकवीस फुलं होती. अण्णांनीच मोजून सांगितली.

मग झाड बसायला लागलं. फुलं कमी, काड्या म्हाताऱ्या, पानं पिवळी. अण्णा आधी खाऱ्या वाऱ्याला दोष द्यायचे, मग नळाच्या पाण्याला.

आणि मला दिसलं. मातीलगत लालसर, जाडजूड फुटवा आला की अण्णा कलमाचा चाकू काढून तो मुळापासून खरवडून टाकायचे.

"रायण आलेली. काढली."

गुलाबाला रायण!

मी नर्सरीत जाऊन विचारलं. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, हे कलम नाही. काडी लावून केलेलं रोप आहे, स्वतःच्या मुळावर. खालून येतो तोच नवा माल. तोच काढला तर झाड जगणार कशावर?"

त्या रविवारी बोर्डीहून दोघं जण अण्णांना भेटायला आले. अण्णांच्या हाताखाली कलम शिकलेले. आता दोघांचेही केस पांढरे. अण्णा त्यांना गॅलरीत कुंडी दाखवत होते. कितीतरी दिवसांनी आवाजात जोर आला होता.

"झाड केवढंबी असू दे. खालचा फुटवा ठेवला का झाड गेलं."

मी चहा घेऊन आले. चूक दिसली की लाल पेन आपोआप चालतं माझं.

"अण्णा, चुकतंय तुमचं. हे कलम नाहीच आहे. तुमच्यामुळेच मरतंय ते."

वर नर्सरीवाल्याचं सगळं सांगितलं. नीट, मुद्देसूद.

दोघं पाहुणे चहाच्या कपात बघत राहिले.

अण्णा म्हणाले, "असंल." चाकू मिटला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते गॅलरीत गेले नाहीत. नंतरही नाही. पाणी मी घालायला लागले.

आणखी एक झालं. ते बोर्डीचं वाक्य बंद झालं. पहिले काही दिवस मला बरंच वाटलं. सकाळ शांत.

पंधरा दिवसांनी मीच विचारलं, "अण्णा, बोर्डीला नाही जायचं?"

"तिथं आता काय काम माझं?"

तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. गुलाब मेला असता तर मी दुसरा आणला असता. अण्णांना त्यांच्या माणसांत जे स्थान होतं, ते मी ट्रेमधल्या चहाबरोबर काढून घेतलं होतं. माफी मागायची असं मी रोज ठरवायची आणि रोज शाळेला उशीर होत असायचा.

पुढे त्यांच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी मी मोसंबी सोलत बसले होते. अण्णांनी मास्क बाजूला केला.

"खालून फुटवे आले काय?"

मला दोन सेकंद कळलंच नाही कशाबद्दल विचारतायत.

"आले अण्णा. तीन आलेत."

"ऱ्हाऊ दे. काढू नको."

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द तयार होते. मी म्हटलं, "बरं. मास्क लावा आधी."

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा गेले.

अण्णा, त्या दिवशी पाहुण्यांसमोर बोलले, ते माझं चुकलं. वर्ष लागलं लिहायला.

तुम्हाला मनापासून नमस्कार.

— वैशाली