निघाल्यावर ‘कुठे’ म्हणू नये

खामगावात पायी चालणारा शेवटचा माणूस म्हणजे आमचे इवाई, माझ्या पोरीचे सासरे. बाकीचे लोक नुसते पोहोचतात. मी शाळेचं तोंड जास्त पाहिलं नाही, पण चालणारा माणूस मले बरोबर ओळखता येते, आणि अख्ख्या जिल्ह्यात असा दुसरा नाही. डोक्यावर टोपी, बगलेत कापडी थैली, अन् निघाले भाजीबाजाराले. बाजार तसा हाकेच्या अंतरावर. पण इवाईंचा नेम असा, की निघालेल्या माणसाले कोणी ‘कुठे’ विचारलं म्हणजे अपशकुन. मग घरी परत यायचं, ओट्यावर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं अन् पुन्हा निघायचं. हे गावाले समजलं, अन् गाव सोडते का? सायकलवाले चाचा पंक्चर काढता काढता ओरडत, “काऊन बुढेबुवा, कुठे?” इवाई तिथूनच वळत. “चाचा, तुमच्या जिभेले काही हाड?” सकाळी निघालेला माणूस दुपारी मेथी घेऊन येई, तीही सुकलेली. त्यांची बायको, म्हणजे आमची इहीण, म्हणे, “पाणी पिऊनच पोट भरते ह्यांचं!” मी तर तोंडावर सांगितलं होतं, “इवाई, मी जन्मात तुमच्या या खुळाले हात लावणार नाही.”

औंदा त्यांचा गुडघा गेला. बरेच दिवस खाटेवर काढले. पोरगा म्हणाला, “बाबा, आता बाजार बंद. भाजी मी गाडीवर आणतो.” इवाई ऐकतात थोडेच! आमच्या पिंपळगावहून मी भेटायले गेलो, तर हे काठी घेऊन दारात उभे. “चाला, बाजारात.”

निघालो. चाचांनी मान वर केली, काठी पाहिली अन् नुसता सलाम केला. पानवाल्यानं टपरीपुढं उभी असलेली गाडी बाजूले घेऊन वाट दिली. सगळ्यांले वाटलं, बुढ्याले आता परत फिरवू नये. त्यामुळे आम्ही पहिल्याच दमात बाजाराच्या तोंडाशी! समोर मेथीच्या जुड्या, अजून पाणी टपकून राह्यलं होतं. इवाई मात्र थैली छातीशी धरून उभेच राहिले.

“पाह्यलं?” ते म्हणाले. “कोणीच विचारलं नाही. गावानं मले जितेपणीच पोहोचवलं.”

मी हट्टी माणूस. बोललेला शब्द मागं घेणं आमच्या घराण्यात नाही. पण पानटपरीपर्यंत ऐकू जाईल असा घसा साफ केला.

“काऊन इवाई, कुठे चालले?”

त्यांनी डोळे वटारले. “केला ना अपशकुन, राजेहो! अन् तोही तुम्ही!” असं म्हणत काठी गर्रकन फिरवली अन् घराकडे निघाले. लंगडत होते, पण ऐट तीच जुनी.

मेथीवाली हाका मारत राहिली. मी मागून हळूहळू निघालो. गुडघा त्यांचा, अन् दम मले. पण ओट्यावर टेकल्यावर तांब्या हातात द्यायले कोणी तर पाहिजे.