दोरा बांधलेला चष्मा

नंदू गेला. पांढरकवड्याहून येताना छातीत कळ आली, संपलं… फोन आला तेव्हा मी घाटंजीतल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात स्क्रू आवळत होतो. लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार आला तो हा, की आता तरी ताई चष्म्यासाठी माझ्याकडे येईल.

चष्म्याचा नंबर काढायला नंदू अन् मी, दोघं दोस्त, सोबतच शिकलो. मी दुकान थाटलं. हा बाप्पा मोटरसायकलवर चष्म्यांची पेटी बांधून कापसाच्या जिनिंगमध्ये, ढाब्यावर, शेताच्या धुऱ्यावर फिरे. "लोकं काम सोडून तुह्याकडं कायले येतीन? आपणच जावं," म्हणे. जिथं जाईल तिथं त्याला चहा, अन् मी दुकानात माशा मारत बसे. जळायचो मी त्याच्यावर, सरळ सांगतो.

एकदा हट्टानं त्याच्यासोबत जिनिंगवर गेलो. कापूस निवडणाऱ्या बायांची रांग, त्यात माझी सख्खी थोरली बहीण शांताताई. मी भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला. ताईनं घडाघडा सगळी अक्षरं म्हटली, मी 'ठीक' लिहून मोकळा. नंदू गालात हसला. त्यानं तिच्या ओंजळीत कापूस ठेवला. "ताई, यातली कवडी येच बरं." कवडी म्हणजे डागी, पिवळट कापूस; तो वेचून बाजूला काढायचा. ताईची बोटं नुसती फिरत राहिली…

"पुढच्या बायांचं आयकून पाठ केलं रे भाऊ," ती मला म्हणाली. "दिसत नाही म्हटलं तर कामावरून काढतीन ना मले."

त्यानं पेटीतला चष्मा तिला लावला, वाकल्यावर पडू नये म्हणून मागून सुती दोरा बांधला. ताईनं पटापट कवडी वेचली अन् रडली. चष्म्याचं दुकान माझं, अन् बहिणीच्या डोळ्यावर चष्मा त्याचा! पुढे मी तिला भारी सोनेरी फ्रेम दिली, ती लग्नाकार्यापुरती. कामावर मात्र दोरावालाच.

नंदूची तेरवी झाली, अन् मागच्या आठवड्यात ताई खरंच दुकानात आली. "नंबर वाढला वाटते. कवडी सुटून राह्यली." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? झटकन चांगली फ्रेम काढली.

"काचा बदल," ती म्हणाली. "दोरा राहू दे."

तक्ता लावायला उठलो… पण तो तर तिला पाठ. मग बाजूच्या गादीवाल्याकडून मूठभर कापूस मागून आणला, तिच्या ओंजळीत ठेवला.

"ताई, यातली कवडी येच बरं."

ताईनं चमकून वर पाहिलं. मेल्यावरही तूच पुढं, नंदू गड्या.