मेमरीचा वेग आणि नणंदेचं लेबल

माझी नणंद निफाडजवळच्या एका गावात द्राक्षं पिकवते. म्हणजे खरोखर तीच पिकवते हो. छाटणीपासून विरळणीपर्यंत बागेत ती उभी, तिचे मालक ट्रॅक्टर आणि बाजार बघतात. पण इतकी वर्षं तिचा माल जायचा व्यापाऱ्याच्या खोक्यांतून, त्याच्याच नावानं. एका वर्षी तिनं हट्टच धरला, माझ्या खोक्यावर माझं नाव हवं. व्यापारी कसाबसा कबूल झाला, पण म्हणाला, काढणी सुरू होईल त्या सकाळी लेबलं शेडवर पाहिजेत, नाहीतर माझी खोकी तयारच आहेत.

लेबलं करणार कोण, तर मी. लेक सासरी जाताना तिचा कॉम्प्युटर मागे ठेवून गेली, तेव्हापासून त्याच्याशी माझी गट्टी. क्लासबिस काही नाही. बटणं दाबत गेले, चुकत गेले, एक पुस्तक आणून वाचलं. आधी हळदीकुंकवाची आमंत्रणं केली, मग शेजारणीच्या मसाल्याच्या पाकिटांची लेबलं. मोठा फोटो उघडला की त्या कॉम्प्युटरला दम लागायचा, म्हणून मी दुकानातून नवी, जास्त वेगाची मेमरी घालून आणली. दुकानदारानं जुनी बदल्यात ठेवून घेतली, सेटिंगमध्ये नवीचा वेग सगळ्यात वर नेला आणि म्हणाला, "काकू, आता उडेल बघा."

काढणीच्या आदल्या दिवशी सकाळीच नणंद आली. फोटो आणला होता, तिच्या बागेतल्या घडाचा, काय सुंदर घड! मी तो लेबलावर बसवला, मोठा केला, आणि पडदा थिजला. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. आणि अंबडच्या प्रेसवाल्यानं बजावलेलं, चारच्या आत फाईल आली तर रात्रीपर्यंत छापून देतो.

"वहिनी, तुमचा कॉम्प्युटर उपाशी हाय का?" नणंद म्हणाली. हसत होती, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

दुकानदाराला फोन लावला, तर तो लग्नाला बाहेरगावी. शेवटी आमचे हे पेपर बाजूला ठेवून उठले. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते, नोकरी सगळी तिथंच गेली. कॉम्प्युटरला मात्र कधी हात लावलेला नाही. खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "सुरू होताना आकडे येतात ना, तिथं थांबव त्याला."

थांबवलं. ह्यांनी एक आकडा दाखवला, एकशे तेहतीस. "हे काय?"

पुस्तकात वाचलेलं मी सांगितलं. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये एक वाट असते, तिला बस म्हणतात, हा तिचा वेग.

"आणि हे दोनशे?"

"ही नवी मेमरी."

हे चष्म्यातून माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे वाट एका चालीनं चाललीय आणि ही बाई दुसऱ्याच. अगं, आमच्याकडे वीज तयार करणारा संच असा लाइनला जोडला असता तर कड्कन आवाज होऊन सगळं बंद पडलं असतं. आधी वेग जुळवायचा, मग जोडायचं."

"मग वाटच पळव की जोरात," नणंद म्हणाली.

"लाइन कुणासाठी बदलत नाही. येणाऱ्यानं जुळवून घ्यायचं."

"नव्या सुनेसारखं!"

"ताई, सुनेनं किती जुळवून घेतलं ते विचारा तुमच्या दादाला," मी म्हटलं. ह्यांनी चष्मा पुसायला घेतला. शहाणा माणूस.

मी सेटिंगचं पान उघडलं. आता ह्यांची पद्धत सुरू झाली. कंट्रोल रूममध्ये म्हणे एकानं काय करायचं ते मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं ते परत म्हणायचं, आणि मगच हात लावायचा. "मेमरी दोनशेवरून एकशे सहासष्ट," हे म्हणाले. मी म्हटलं, "मेमरी दोनशेवरून एकशे सहासष्ट." मग बटण दाबलं. नणंद तोंडाला पदर लावून हसत होती. "दादा, लग्नात मंत्र तरी असे म्हटले होते का रे?"

कॉम्प्युटर सुरू झाला, घड उघडला, जरासा मोठा झाला, आणि परत थिजला. नणंदेचं हसू गेलं. "राहू दे दादा," ती हळूच म्हणाली. "जाऊ दे यंदा पण त्या व्यापाऱ्याच्याच नावानं."

हे थिजलेल्या पडद्याकडे वाकले. आणि मग स्वतःशीच हसले. म्हणाले, "चूक माझीच. आमच्याकडे येणारा संच लाइनपेक्षा किंचित वेगात ठेवतात, जोडला की लगेच भार उचलतो. तीच खोड हाताला. मी इथंही एक पायरी वर ठेवली. इथं भार कसला उचलायचाय? इथं पावलाला पाऊल हवं."

माझ्या संसारात मी ह्यांना पुष्कळदा बरोबर असताना पाहिलंय, त्याचं काही एवढं कौतुक नाही. पण धाकट्या बहिणीसमोर, तिचा जीव टांगणीला लागलेला असताना, चूक कुठून आली ते इतक्या सरळ सांगून टाकणं! मला वाटलं, एवढ्या मोठ्या यंत्रांशेजारी हा माणूस बसत होता, ते उगीच नाही.

"मेमरी एकशे सहासष्टवरून एकशे तेहतीस," हे म्हणाले.

ह्या वेळी माझ्या आधी नणंदेनंच ते परत म्हटलं. खणखणीत. आणि मला म्हणाली, "दाबा वहिनी."

घड उघडला. मोठा केला, आणखी मोठा केला. मणी न् मणी दिसायला लागला, वरची ती पांढुरकी लव सुद्धा. वेग कमी केला तरी काम काही मंदावलं नाही, उलट अडखळणं गेलं. मी अक्षरं बसवली. नणंद खुर्चीमागे उभी राहून सांगत होती, "नाव जरा मोठं करा. अजून जरा. लय झालं का? असू द्या." फाईल घेऊन ती स्वतःच अंबडला गेली, आणि रात्री प्रेसवाल्याचा गठ्ठा घेऊनच घरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडवरून तिचा फोन. मागे बायकांचा गलका, खोकी सरकवल्याचे आवाज. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि दोघांना ऐकू येईल असा धरला.

"वहिनी, गाडीवाला खोकं उचलून वाचत होता. मला विचारतो, ह्या बाई कोण? म्हटलं, तुझ्यासमोर उभी हाय ती."